आधी जाणाऱ्याचा हिशेब



त्र्यंबकेश्वरचा माणूस रेडिओवर बोलायला बसला, की तो कुशावर्त, ब्रह्मगिरी नाही तर निवृत्तिनाथांची यात्रा यांपैकी कशावर तरी बोलणार, असे तुम्ही गृहीत धरले असेल. आज विषय वेगळा आहे. मी लढाऊ वैमानिकांवर बोलणार आहे. त्यातही एका विशिष्ट कामगिरीवर जाणाऱ्या वैमानिकांवर. शत्रूच्या विमानविरोधी तोफा आणि क्षेपणास्त्रे गप्प करण्यासाठी जो बाकीच्यांच्या आधी त्यांच्या तोंडावर जातो, त्याच्यावर.

हा विषय आम्हा नाशिककरांना वाटतो तितका परका नाही. पस्तीस वर्षे मी त्र्यंबक परिसरातल्या शाळांत विज्ञान शिकवले. वर्ग चालू असताना आभाळातून घरघर आली, की पोरांच्या माना खिडकीकडे वळायच्या. आमच्या जिल्ह्यात ओझरला विमानांचा कारखाना आहे. १९६४ साली तो उभा राहिला आणि मिग-२१ विमाने तिथे तयार होऊ लागली. ती विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली. जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला देवळाली. तिथे तोफखान्याचे विद्यालय. विमानांवर तोफा कशा डागायच्या याचे शिक्षणही स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे तिथेच दिले जाई. १९८९ मध्ये ते ओडिशातल्या गोपाळपूरला हलवले गेले. म्हणजे बघा, एकाच जिल्ह्यात एका टोकाला विमान बांधायचे आणि दुसऱ्या टोकाला ते पाडायचे कसे हे शिकवायचे. सैन्याला दोन्ही विद्या लागतात. पण या दोन विद्या समोरासमोर येतात तेव्हा काय होते, हे आपण फारसे बोलत नाही.

एकदा आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले, ''सर, विमानात बसलेल्याला खालच्या तोफा दिसतात का?'' मी म्हटले, ''दिसतात. आणि तोफांना तोही दिसतो.'' त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, ''मग पहिला कोण जातो?'' आजचे माझे बोलणे हे त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजा.

आमच्या भागातले आदिवासी बांधव कड्यावरचे आग्यामोहोळ काढतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. मध काढणारा मागून येतो. आधी एक जण पेटती चूड घेऊन पोळ्याजवळ जातो, धूर करतो, माश्या उठवतो. माश्यांचा पहिला हल्ला त्याच्यावर. त्याने काम नीट केले, तर मागच्याला चार डंखांवर मध मिळतो. नंतर मध वाटला जातो तेव्हा चूड धरणाऱ्याचा वाटा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण तो पुढे झाला नसता, तर मध खाली आलाच नसता.

हवाई युद्धाचेही तसेच आहे. एखादे बंदर, वीजकेंद्र किंवा धावपट्टी मोलाची असेल, तर तिच्याभोवती राखण असते. या राखणीला डोळे असतात आणि हात असतात. डोळे म्हणजे रडार. ते लहरी सोडते, विमानावर आपटून परत आलेल्या लहरींवरून ते किती दूर आहे, कुठे चालले आहे हे ओळखते. हात म्हणजे तोफा आणि जमिनीवरून आकाशात सुटणारी क्षेपणास्त्रे. बॉम्ब टाकणारे विमान जड असते. नेम धरण्यासाठी त्याला काही सेकंद सरळ रेषेत जावे लागते. तेच काही सेकंद तोफेला हवे असतात. म्हणून कुणीतरी आधी जाऊन ते डोळे झाकायचे, ते हात गुंतवून ठेवायचे.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने या कामगिरीला नाव दिले होते 'आयर्न हँड', म्हणजे लोखंडी हात. उत्तर व्हिएतनामकडे सोव्हिएत बनावटीची 'सॅम-२' क्षेपणास्त्रे होती. एकेक क्षेपणास्त्र दहा मीटरहून लांब. वैमानिक त्याला उडता तारखांब म्हणत. त्यावर अमेरिकनांनी 'श्राइक' नावाचे क्षेपणास्त्र काढले. त्याची युक्ती मोठी गमतीची होती. ते रडारच्या लहरींचाच माग काढत रडारवर जाऊन आदळायचे. म्हणजे रडारवाल्यापुढे दोनच वाटा. रडार चालू ठेवावे तर श्राइक अंगावर येणार, बंद करावे तर आपल्या क्षेपणास्त्राला दिशा दाखवता येणार नाही. दोन्हीकडून वैमानिकाचे काम होते. मात्र यात एक मेख होती. श्राइकचा पल्ला सॅमच्या पल्ल्यापेक्षा कमी होता. श्राइक डागायचे तर आधी सॅमच्या माऱ्यात शिरायचे. शिवाय रडारने लहरी सोडाव्यात म्हणून त्याला काहीतरी दिसायला हवे. ते दिसणारे विमान म्हणजे आपणच. शिकारीला बांधलेली शेळी आणि शिकारी, दोन्ही एकाच माणसाने व्हायचे.

अमेरिकन नौदलाचे लेफ्टनंट कमांडर मायकेल एस्टोसिन हे काम करत. 'टायकॉन्डेरोगा' या विमानवाहू जहाजावरून ते 'स्कायहॉक' हे एका माणसाचे छोटे हल्लेखोर विमान उडवत. २० एप्रिल १९६७ रोजी हायफाँग बंदराजवळच्या दोन औष्णिक वीजकेंद्रांवर हल्ला ठरला होता. एस्टोसिन तीन विमानांची तुकडी घेऊन राखण मोडायला गेले. कुठून क्षेपणास्त्र सुटते आहे याचा इशारा ते मागच्यांना सतत देत राहिले आणि तीन क्षेपणास्त्रतळ त्यांनी स्वतः निकामी केले. या झटापटीत एक क्षेपणास्त्र जवळ फुटले आणि त्यांचे विमान चांगलेच जायबंदी झाले. इथे ते परत फिरले असते, तर कुणी नाव ठेवले नसते. ते पुन्हा त्याच माऱ्यात शिरले आणि श्राइकचा हल्ला पुरा केला.

निघाले तेव्हा टाकीत पाच मिनिटांचेही इंधन नव्हते. समुद्रावर इंधन देणारे विमान त्यांना येऊन मिळाले. शंभर मैलांहून अधिक अंतर दोन्ही विमाने नळीने जोडलेली राहिली. जहाज तीन मैलांवर आल्यावर एस्टोसिन यांनी नळी सोडली. पहिल्या खेपेला उतरणे चुकले तर दुसऱ्या खेपेपुरते इंधन नव्हते. विमान पेटलेल्या अवस्थेत डेकवर उतरले आणि ते वाचले.

सहा दिवसांनी, २६ एप्रिलला, ते पुन्हा हायफाँगवर होते. या वेळी हल्ला इंधनसाठ्यांवर होता. पुन्हा क्षेपणास्त्र जवळ फुटले, विमानाने पेट घेतला. त्यांनी ते सावरले, जळत्या विमानातून आपली श्राइक क्षेपणास्त्रे डागली आणि मग ते तिथून वळले. त्यानंतर ते कुणाला दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना छत्तीस वर्षे पूर्ण होणार होती.

त्यांची पुढची हकीकत मी थोड्या वेळाने सांगतो. आधी आपल्या घरी येऊ.

आमच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. १९७१ च्या डिसेंबरात या उपसागरात आपले 'विक्रांत' हे विमानवाहू जहाज लढत होते. हे जहाज अनेक मराठी वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर ते मुंबईत होते आणि २००१ ते २०१२ या काळात त्यावर संग्रहालय होते. शाळांच्या सहली तिथे जात. आमचीही गेली होती. डेकवर उभे राहून मुले म्हणाली, ''सर, एवढ्याशा जागेवर विमान उतरते?'' डेकची लांबी सुमारे २१० मीटर. आमच्या गावच्या मोठ्या गल्लीएवढी.

लढाईच्या आधी विक्रांतच्या बॉयलरला तडा गेल्याचे आढळले होते. जहाज लढाईला पाठवायचे की नाही, असा प्रश्न होता. शेवटी बॉयलरला पोलादी पट्टे आवळून आणि वेगावर मर्यादा घालून ते पाठवले गेले. चोवीस नॉट वेगाने जाणारे जहाज सोळा नॉटच्या आसपास चालवायचे. हे का महत्त्वाचे, ते सांगतो. जहाजावरून विमान उडवताना समोरून वारा हवा असतो. नैसर्गिक वारा कमी असेल, तर जहाज वेगाने पुढे जाऊन तो वारा तयार करते. इथे जहाजाचा वेगच कमी. म्हणजे वैमानिकाला शत्रूची तोफ दिसण्याच्या आधीच, आपल्या डेकवरून सुटतानाच, हिशेब काठावर आलेला.

विक्रांतवर ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची 'सी हॉक' विमाने होती. पांढरा वाघ हे या स्क्वाड्रनचे चिन्ह. सी हॉक हे ब्रिटिश बनावटीचे, एका इंजिनाचे, एका वैमानिकाचे विमान. नाकात २० मिलिमीटरच्या चार तोफा, पंखांखाली रॉकेट आणि बॉम्ब. शत्रूच्या रडारचा माग काढणारे श्राइकसारखे कोणतेही हत्यार त्याच्याजवळ नव्हते. तोफ गप्प करायची तर तिच्यावर सूर मारायचा आणि ती आपल्यावर आग ओकत असताना नेम ढळू द्यायचा नाही, एवढीच रीत होती. हे विमान पाहायचे असेल, तर गोव्यात बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात ते उभे आहे. जवळ जाऊन त्याची बसायची जागा बघा. आपल्या एसटीच्या चालकाला तिच्यापेक्षा ऐसपैस जागा असते.

४ डिसेंबर १९७१ रोजी या विमानांनी आधी कॉक्स बाजारवर आणि मग चितगाववर हल्ला केला. त्याच सुमारास, ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री, विक्रांतच्या शोधात आलेली पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली होती. ढाक्याजवळच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्ट्या आपल्या हवाई दलाने पहिल्या काही दिवसांतच उखडल्या आणि पाकिस्तानची सेबर विमाने जमिनीवर अडकली. त्यानंतर सी हॉकना आकाशातल्या शत्रूची धास्ती उरली नाही. उरल्या त्या जमिनीवरच्या आणि जहाजांवरच्या तोफा. पण त्या मात्र रोज होत्या. चितगाव, खुलना, मोंगला ही बंदरे होती आणि बंदरावर राखण असतेच. शिवाय एकदा हल्ला झालेल्या ठिकाणी दुसऱ्यांदा जायचे, म्हणजे तोफांवरचा माणूस आता जागा आहे, तुम्ही कुठल्या बाजूने येता हे त्याला ठाऊक झाले आहे, हे समजून जायचे.

या स्क्वाड्रनचे प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता. त्यांनी स्वतः अकरा हल्ल्यांचे नेतृत्व केले. अशाच एका हल्ल्यात जमिनीवरून झालेल्या माऱ्यात त्यांच्या विमानाला फटका बसला. तरीही त्यांनी तुकडीचे नेतृत्व सोडले नाही. आपली माणसे पुढे नेली आणि मग ते जायबंदी विमान आणून विक्रांतवर उतरवले. जमिनीवरच्या लांब धावपट्टीवर मोडके विमान उतरवणे वेगळे आणि समुद्रावर हलणाऱ्या डेकवर, आडव्या ताणलेल्या तारेत शेपटीचा आकडा अडकवून उतरवणे वेगळे. त्यांना महावीर चक्र मिळाले. विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश यांनाही महावीर चक्र मिळाले, आणि जहाजावरच्या इतरांना मिळून बारा वीर चक्रे. पूर्वेकडच्या त्या मोहिमेत विक्रांतवरचे एकही सी हॉक शत्रूला पाडता आले नाही.

श्रोतेहो, हे शेवटचे वाक्य जरा मनात ठेवा. या कामाचा हिशेब उलटा असतो. पूल पाडणाऱ्याला मोडलेला पूल दाखवता येतो. जहाज बुडवणाऱ्याला बुडालेले जहाज दाखवता येते. तोफ गप्प करणाऱ्याने काय दाखवायचे? त्याच्या कामाची खूण म्हणजे मागून आलेली विमाने परत गेली, ही. जे घडले नाही, ते त्याचे कर्तृत्व. न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. म्हणून हिंदी चित्रपटातला वैमानिक नेहमी काहीतरी उडवून देतो, पण दुसऱ्याला वाचवण्यासाठी आपल्यावर मारा ओढून घेणारा पडद्यावर क्वचितच दिसतो. धैर्य म्हणजे बेभान होणे, अशी आपली समजूत होते ती त्यामुळे. प्रत्यक्षात हे काम बेभान माणसाच्या हाती कुणी देत नाही. इंधन किती उरले, जहाज कुठे आहे, मागचे किती दूर आहेत, याची गणिते सतत करावी लागतात. एस्टोसिन किंवा गुप्ता यांच्या हकीकतीत डोळ्यांत भरतो तो त्यांचा शांतपणा.

अशा माऱ्यात शिरलेले सगळेच परत येत नाहीत. जमिनीवरच्या तोफांनी त्या युद्धात हवाई दलाकडून मोठी किंमत घेतली. दोन मराठी वैमानिकांची नावे मी घेतो. एक परत आले, एक आले नाहीत.

पहिले दिलीप परुळकर. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानावर मारा झाला आणि खांद्याला जखम झाली. विमान सोडून उडी टाकण्याचा सल्ला मिळाला असताना त्यांनी ते तसेच तळावर आणले. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ पडले आणि ते कैद झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये, मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांबरोबर, ते रावळपिंडीच्या छावणीच्या भिंतीला भोक पाडून निसटले. अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी पोचल्यावर तिघे पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये युद्धकैद्यांची सुटका झाली तेव्हा ते मायदेशी आले. पुढे दीर्घ आयुष्य जगून ऑगस्ट २०२५ मध्ये ते गेले.

दुसरे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे, तेही सुखोई-७ चेच वैमानिक. ५ डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम पाकिस्तानातल्या शोरकोट रोड विमानतळावरच्या हल्ल्यात विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात त्यांचे विमान पडले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे त्या दिवसांत एका पाकिस्तानी वृत्तपत्रात आली. त्यांत 'फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे' असे एक नाव होते. घरच्यांनी धीर धरला. कैद्यांची अदलाबदल झाली, पण विजय तांबे आले नाहीत. असे आपले कैदी मागे राहिले नाहीत, हेच पाकिस्तान सांगत आला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले बेपत्ता ठरलेले असे ५४ जण आपल्या सरकारच्या यादीत आहेत.

त्यांच्या पत्नी दमयंती तांबे. तीन वेळा बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यानंतर मंत्रालये, खासदार, वृत्तपत्रे असे दार ठोठावण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातलगांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले. हाती काही लागले नाही. मैदानावर त्या खेळाडूला एवढे तरी ठाऊक असायचे, की सामना कधीतरी संपतो.

आता एस्टोसिन यांची उरलेली हकीकत सांगतो. ते जिवंत पकडले गेले असावेत, असे अमेरिकन नौदलाला वाटत होते. युद्धकैदी म्हणून त्यांची नोंद होती. १९७३ मध्ये अमेरिकन कैदी सुटून घरी आले, त्यांत ते नव्हते. १९७७ मध्ये त्यांना मृत मानण्यात आले आणि १९७८ मध्ये त्यांचे सर्वोच्च शौर्यपदक, 'मेडल ऑफ ऑनर', जाहीर झाले. नंतर एका युद्धनौकेला त्यांचे नाव दिले गेले. दहा वर्षे त्यांच्या पत्नीला आणि मुलींना आपण कुणाची वाट बघतो आहोत आणि कुणाचा शोक करतो आहोत, हेच कळत नव्हते. देश वेगळा, भाषा वेगळी, पण या घराची आणि तांब्यांच्या घराची अवस्था एकच.

इथे माझ्या गावाचा संबंध येतो.

त्र्यंबकेश्वरी देशभरातून माणसे येतात त्यांतली कितीतरी देवदर्शनापुरती येत नाहीत. ती आपल्या मृतांसाठी येतात. ज्यांना अपघाती मरण आले, ज्यांचा देह हाती लागला नाही, ज्यांचे क्रियाकर्म राहून गेले, त्यांच्यासाठी इथे नारायणबळी होतो. अनेक वर्षे बेपत्ता असलेल्यासाठी शास्त्राने पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या पानांचा देह करायचा, त्यालाच त्या माणसाचा देह मानायचे आणि अग्नी द्यायचा. शास्त्र बारा वर्षे थांबायला सांगते, कायदा सात वर्षे. दोघांनाही एक गोष्ट ठाऊक आहे, की मागे राहिलेल्या माणसाला कधीतरी पुढे जाता आले पाहिजे.

आमच्या गल्लीत उतरलेल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. घरातला तरुण फौजेत होता आणि एका जुन्या लढाईनंतर त्याचा पत्ता लागला नव्हता. विधीची सगळी तयारी झाली. भावांनी सोवळी नेसली. आणि म्हातारी आई ओसरीवरून उठेना. ती म्हणाली, ''मला सरकारनं तो गेला असं सांगितलेलं नाही. मी त्याला कसा काय जाळू?'' गुरुजी जुने, समजूतदार. ते म्हणाले, ''आजी, तुमचं मन होईल तेव्हा या. विधीला उशीर होत नाही.'' कुटुंब तसेच परत गेले. मी विज्ञानाचा शिक्षक. विधीने आत्म्याला गती मिळते की नाही, यावर मी काही बोलणार नाही. पण त्या आजींची अडचण धर्माची नव्हती, हे मला तेव्हाच कळले. त्यांना हवा होता फक्त खात्रीचा एक शब्द. तो देणे ना गुरुजींच्या हातात होते, ना भावांच्या.

जो माणूस दुसऱ्यांनी परत यावे म्हणून स्वतः आधी जातो, त्याचे काय झाले हे त्याच्या माणसांना कळवणे, ही त्याला पाठवणाऱ्या देशाची जबाबदारी आहे. चक्रे, पदके, चौकाला नाव हे सगळे त्यानंतरचे. म्हणून बेपत्ता ५४ जणांची यादी ही जुनी झालेली फाईल मानू नये. त्यांतले बहुतेक जण हयात असते तर आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात असते. त्यांची वाट बघणारे आई-वडील तर केव्हाच गेले. पण उत्तर मिळायला उशीर झाला, म्हणून प्रश्न रद्द होत नाही. दोन्ही देशांचे जुने कागद, तुरुंगांच्या नोंदी, पडलेल्या विमानांच्या जागा यांचा पुन्हा नीट तपास झाला आणि एकाही घराला खात्रीचा शब्द मिळाला, तरी ते श्रम वाया गेले असे कुणी म्हणणार नाही.

वस्तूंचे जतनही आपल्याला फारसे जमले नाही. विक्रांत २०१४ मध्ये मोडीत निघाले. त्याच्या पोलादाचा काही भाग वितळवून पुढे मोटारसायकली काढण्यात आल्या. २०२२ मध्ये त्याच नावाचे नवे, देशात बांधलेले विमानवाहू जहाज नौदलात आले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण जुन्या डेकवर उभे राहून 'एवढ्याशा जागेवर विमान उतरते?' असे विचारण्याची संधी पुढच्या मुलांना मिळणार नाही. तो प्रश्न आता आपल्याला, शिक्षकांना आणि आईवडिलांना, वर्गात नाही तर घरात उभा करावा लागेल.

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन असतो. कराचीवर आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी केलेल्या हल्ल्याची ती आठवण. त्याच दिवशी देशाच्या दुसऱ्या अंगाच्या समुद्रावर सी हॉकही उडाले होते, एवढे त्या दिवशी शाळेत सांगा. नकाशावर चितगाव दाखवा, शोरकोट रोड दाखवा. संतोषकुमार गुप्तांचे नाव घ्या, दिलीप परुळकरांचे घ्या आणि विजय तांब्यांचेही घ्या. मुले विचारतील, ''सर, तांबे परत आले का?'' तेव्हा खोटा दिलासा देऊ नका आणि गेले असेही ठोकून देऊ नका. अजून कळलेले नाही, असे सांगा. आणि ते कळवणे आपल्याकडून राहिले आहे, हेही सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)